नाशिक रोड स्पेशल, एकूण अकरा

निसारभाईंनी मस्टँग गाडी डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाचा गैरसमज नको. फोर्डची मस्टँग, अमेरिकेतली, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, पुढच्या जाळीवर पळता घोडा. आमच्या नाशिक रोडला ती कधी आली असेल असं मला वाटत नाही. पण निसारभाईंना विचारा, अडुसष्ट साली कोलोरॅडोत विकायला म्हणून ज्या थोड्या मस्टँग वेगळ्या काढल्या, त्यांच्या बिल्ल्यावर कशाचं चित्र होतं? हातातलं ब्लेड बाजूला ठेवून सांगतील, डोंगराचं. आणि घरातलं रॉकेल कधी संपलं ते विचारा. ते मात्र त्यांच्या बायकोला, कौसरभाभींनाच ठाऊक.

मी वत्सलाबाई. नाशिक रोड स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडला लागून आमचं दुकान आहे, रिक्षाचे हूड आणि रेक्झिनची सीटं शिवून देण्याचं. पाटीवर नाव नवऱ्याचं, गोटीराम, आणि मशीनवर मी. नव्वद साली गोटीरामांची पाठ धरली ती धरलीच. तोवर दोघं शिवायचो, तेव्हापासून ते खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि मी एकटी शिवते. शेजारची पत्र्याची टपरी निसारभाईंची. नंबर प्लेट आणि रेडियम. रेडियम म्हणजे तो चमकणारा चिकट कागद हो, ब्लेडने कापून गाड्यांच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात ना, तो.

निसारभाईंचा हात मात्र सोन्याचा. पेन्सिलीची रेघ न ओढता थेट ब्लेड लावायचे आणि गणपतीची सोंड एका दमात काढायचे. पण माणूस असा की गणपती अर्ध्यात सोडून तुम्हाला मस्टँगची गोष्ट सांगायला बसेल. गिऱ्हाईक उन्हात उभं. मी आतून ओरडायची, निसारभाई, आधी देवाला दुसरा हात तरी द्या.

हे खूळ शिरलं चौऱ्याण्णव साली. ब्लेड चालवताना खाली अंथरायला ते किलोने रद्दी आणायचे. त्या वेळी देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्यातली रद्दी आली आणि तीत चार-पाच अमेरिकन मासिकं निघाली, नुसत्या मोटारींची. कागद इतका गुळगुळीत की त्यावर ब्लेड घसरायचं. दुसरा कुणी असता तर जाऊन परत देऊन आला असता. निसारभाईंनी पानं उलटली आणि गेले कामातून.

इंग्रजी सातवीपर्यंतचं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्यांनी एक डिक्शनरी आणली, तिची पहिली पानं फाटलेली, त्यामुळे ए आणि बी वरून सुरू होणारे शब्द अंदाजाने. मस्टँगवरचा एक लेख वाचायला त्यांना तीन महिने लागले. गोटीराम म्हणायचे, अमेरिकेत एवढ्या वेळात गाडी बनून विकून भंगारातही गेली असेल.

त्या लेखात होतं काय, तर कमी संख्येत काढलेल्या मस्टँगची माहिती. मोठ्या शर्यतीच्या, नावाजलेल्या नव्हेत. कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या. मला वाटलं, स्पेशल म्हणजे इंजिन काहीतरी वेगळं असणार. निसारभाई म्हणाले, तसं नाही. पुष्कळदा गाडी तीच. एखाद्या भागातल्या विक्रेत्यांना वाटायचं, आपल्या लोकांसाठी काहीतरी निराळं असावं, म्हणजे गिऱ्हाईक येईल. मग निराळा रंग, पट्टे, एक बिल्ला आणि एक नाव. कॅलिफोर्नियाची निराळी, कोलोरॅडोची निराळी. बाहत्तर साली एक पांढरी काढली, तिला निळे-लाल पट्टे आणि अंगावर ढालीच्या आकारात त्यांचा झेंडा.

म्हणजे साध्या लुगड्याला जरीचा काठ लावून पैठणीच्या शेजारी ठेवायचं, असंच ना, मी विचारलं. निसारभाईंना ते झोंबलं. म्हणाले, "वहिनी, काठ लावणाऱ्याला काहीच किंमत नाही का?"

मी तरी काय, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सीटांना काठच लावत आलेय.

त्या सगळ्यांत त्यांचा जीव जडला तो शहाण्णव गाड्यांवर. सत्तर साली कॅन्सस सिटीच्या बाजूला शहाण्णव मस्टँग विकायला काढल्या, सगळ्या भडक नारिंगी, मागच्या चाकाच्या वर वावटळीचं चित्र चिकटवलेलं. त्या मुलखात वावटळी फार होतात म्हणे. सगळ्यांना मोठं इंजिन बसवायचं ठरलं होतं, पण तेवढी इंजिनं मिळाली नाहीत, मग जवळजवळ अर्ध्या गाड्यांत दुसरंच बसवलं. म्हणजे शहाण्णवांचं इंजिन सारखं नाही. मग सारखं काय? निसारभाई स्टँडवरच्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे, की ते चित्र. आणि चित्र म्हणजे काय? रेडियम! कंपनीने गाडी बनवली, पण स्पेशल बनवली ती एका रेडियमवाल्याने.

त्यांना दुःख एवढंच की लेखात त्या माणसाचं नाव नव्हतं. विक्रेत्यांची माहिती होती, इंजिनाची होती, आता कोणती गाडी कुणाकडे आहे ते होतं. ब्लेड कुणी धरलं, चित्र कुणी चिकटवलं, एक अक्षर नाही. त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. इंग्रजी त्यांच्या मुलीने, मासूमाने नीट करून दिलं, ती तेव्हा कॉलेजात होती. 'त्या कारागिराचं नाव कळवावं' एवढीच विनंती. वर्षभर ते पोस्टमनला विचारत होते. पोस्टमन शेवटी टपरीसमोरून जायचं टाळायला लागला, पलीकडच्या फुटपाथवरून जायचा. उत्तर काही आलं नाही.

आता स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना अमेरिकेशी काय देणंघेणं? पण एक गोष्ट त्यांनाही भिडली. सहासष्ट साली भाड्याने गाड्या देणाऱ्या एका कंपनीने हजारेक मस्टँग खास करवून घेतल्या होत्या. बहुतेक काळ्या, त्यावर सोनेरी पट्टे. लोक शनिवारी भाड्याने न्यायचे, शर्यतीत पळवायचे आणि सोमवारी गुपचूप आणून उभी करायचे. हे ऐकल्यावर सगळे रिक्षावाले सरसावून बसले. भाड्याची गाडी, तीही काळी-सोनेरी! म्हणजे आपलीच की. त्या दिवसापासून स्टँडवर मस्टँगला रिक्षाची मोठी बहीण म्हणायला लागले.

मग काय, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. निसारभाईंनी ठरवलं, आपणही स्पेशल काढायची. 'नाशिक रोड स्पेशल'. चित्र कशाचं यावर पंधरा दिवस वाद. कुणी म्हणे द्राक्षांचा घड, कुणी म्हणे देऊळ. निसारभाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांचे वडील याच स्टेशनवर टांगा हाकायचे. त्यांनी वडिलांचा घोडा काढला. डोळ्यांना झापडं, गळ्यात घुंगरू, एक पाय किंचित उचललेला. मी म्हटलं, अमेरिकेचा घोडा पळतोय, तुमचा तर भाड्याची वाट बघत उभा आहे. ते म्हणाले, स्टँडवरचा घोडा उभाच असतो, वहिनी, पळाला तर भाडं जाईल.

मुंबईहून त्यांनी एका जुनाट सोनेरी रंगाच्या रेडियमचा गुंडाळा आणला. पुन्हा तसा मिळणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना पट्टा, मागे घोडा, घोड्याखाली नंबर. त्या गुंडाळ्यात अकरा रिक्षा झाल्या. अकराच का, असं कुणी विचारलं की निसारभाई शुभ आकडा वगैरे सांगायचे. खरं कारण, माल संपला. पण कॅन्ससला इंजिनं पुरली नाहीत तर इथे रेडियम पुरलं नाही, एवढंच. अकरांची सीटं मी शिवली. काळं रेक्झिन आणि कडेने सोनेरी पट्टी. हसत होते मी त्यांना, पण पट्टी वाकडी होऊ दिली नाही, हेही खरं.

पंच्याण्णवच्या दसऱ्याला अकरा रिक्षा हार घालून ओळीने उभ्या केल्या. निसारभाईंनी खुर्चीवर चढून भाषण केलं. सांगायचं त्यांना एवढंच होतं की बारावी कधी होणार नाही आणि एकच नंबर दोनदा दिला जाणार नाही. नोटांच्या प्रेसमधून नुकतेच रिटायर झालेले कारभारी नावाचे गृहस्थ तिथे उभे होते. तीस वर्षं नोटा छापल्या, पण आतल्या भिंतींचा रंगसुद्धा त्या माणसाने कधी बायकोला सांगितला नाही. ते एवढंच म्हणाले, बरोबर आहे, नंबर म्हणजे नंबर. कारभारींनी मान डोलवल्यावर नाशिक रोडला दुसरं सर्टिफिकेट लागत नाही.

सात नंबर मिळाला केरूला. केरू हरसूलकडचा, स्टेशनवर हमाली करत करत रिक्षापर्यंत आलेला. कमी बोलणारा. उभ्या जन्मात लोकांनी त्याला 'ए रिक्षा' नाहीतर 'ओ मामा' एवढंच म्हटलेलं. घोड्याखाली सात आला आणि त्याचं नशीब पालटलं असं नाही, पण नाव बदललं. प्रेसच्या क्वार्टरमधल्या बायका सांगायच्या, मुलीला शाळेत सोडायला सात नंबरच पाठवा. संध्याकाळी मुंबईहून परतणारे लोक रिक्षांच्या गर्दीत मान उंच करून सात शोधायचे. आता सगळ्या रिक्षा काळ्या-पिवळ्या, माणसं खाकीतली, ओळखायचं कशावरून? केरूची बायको चिमणाबाई फुलांचे गजरे विकायला बसायची, ती पण नवऱ्याला हाक मारायची, ओ सात नंबर, जेवायला चला. केरू लाजायचा, पण यायचा.

निसारभाईंच्या शब्दाची परीक्षा लवकरच झाली. एका बड्या ठेकेदाराला त्याच्या जीपवर तोच घोडा हवा होता, बारा नंबर टाकून. त्याच्या पंधरा-वीस गाड्यांचं काम निसारभाईंकडे असायचं. निसारभाईंनी दुसरा कसलाही घोडा काढून देतो म्हणून सांगितलं, पळता, उडता, पंखांचा. हा नाही. ठेकेदार सगळ्या गाड्या घेऊन दुसरीकडे गेला. कौसरभाभी चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, माणूस येडा आहे, पण त्याने शब्द पाळला, नाही का? मी म्हटलं, हो, पाळला. दोघी हसलो.

अशी अकरा वर्षं गेली. रेडियम कापायला कॉम्प्युटरची मशीनं आली, निसारभाईंच्या टपरीवरची गर्दी ओसरली, पण स्टँडवर अकरा घोडे उभे होते. थोडे फिके पडलेले, पण उभे.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. केरू आमच्या दुकानात चहा पीत होता. मालधक्क्याकडे निघालेल्या कांद्याच्या एका ट्रकने रिव्हर्स घेतला आणि थेट सात नंबरवर. पत्र्याचा असा आवाज आला की मशीनवर माझा पाय थबकला. बाहेर जाऊन बघतो तर रिक्षाचा पापड आणि वर कांद्याची दोन पोती. रिक्षात कुणी नव्हतं. चहाने माणूस वाचवला, असं गोटीराम अजून सांगतात आणि त्या जोरावर दिवसाला एक कप जास्त मागतात. केरू रडला नाही. वाकून त्याने घोड्याचं काय झालं ते पाहिलं. घोडा मधोमध दुमडला होता.

दोन महिन्यांनी केरूची नवीन रिक्षा आली. सगळ्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले. चिमणाबाईंनी हूडभर गजरे लावले. केरूने रिक्षा थेट निसारभाईंच्या टपरीसमोर आणून लावली आणि म्हणाला, "निसारभाई, सात टाका."

निसारभाई म्हणाले, "नाही टाकता येणार."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ते समजावून सांगायला लागले, अगदी कळवळून, की अमेरिकेत एखादी स्पेशल गाडी मोडली तर तिचा नंबरही गेला. दुसऱ्या गाडीवर तेच चित्र चिकटवलं तर तिला खोटी म्हणतात. तिकडे अशा खोट्या गाड्या खूप आहेत, जाणकार लोक त्या पकडायलाच बसलेले असतात. आपण सगळ्यांसमोर बोललोय की एक नंबर दोनदा नाही. ठेकेदाराला नाही म्हटलं, मग आता घरच्या माणसाला हो कसं म्हणू?

केरूने सगळं ऐकलं. मान हलवली. रिक्षा वळवून स्टँडच्या शेवटाला लावली.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. संध्याकाळची गाडी यायची, माणसं स्टेशनबाहेर पडायची, मान उंच करून सात शोधायची, सात नाही असं पाहून समोरच्या रिक्षात बसायची. केरू दहा पावलांवर उभा असायचा. त्याच्या तोंडावरून लोक पुढे जात होते, रोजचे लोक. हाक मारून बोलावणं त्याच्या स्वभावात नाही. एक दिवस तो सीटच्या फाटलेल्या शिवणीचं निमित्त करून माझ्याकडे आला. शिवण फाटली नव्हती. निघता निघता म्हणाला, "बाई, केरू कोन हाय हे माझ्या घरच्यांना ठावं. बाकीच्यांना सात ठावं. ते पुसलं, आता मी कोन हाय?"

माझं डोकं फिरलं. मी कात्री टाकली आणि तशीच निसारभाईंच्या टपरीत गेले. ते कुणाची तरी नंबर प्लेट कापत होते. मी त्यांना बोलू दिलं नाही. म्हटलं, "तुमच्या त्या वावटळीवाल्याचं नाव कुणी लिहिलं नाही म्हणून बारा वर्षं रडताय. आणि इथे जिवंत माणसाचं नाव स्वतःच्या हाताने पुसलंत. कसला शब्द घेऊन बसलाय?"

एवढं बोलून परत आले. दिवसभर एक शिवण सरळ आली नाही. दुसऱ्या दिवशी निसारभाईंनी एका मोटारसायकलची नंबर प्लेट उलट्या आकड्यांची कापून दिली, इतकं लक्ष उडालेलं. गिऱ्हाईक भांडून गेलं. मला बरं वाटलं नाही. शब्द मोडला तर ते स्वतःच्या नजरेतून उतरणार आणि पाळला तर केरू जाणार, हे मलाही दिसत होतं. पण माघार घ्यायला गेले नाही. मीही काही कमी हट्टी नाही.

तोडगा निघाला तो दहा रुपयांच्या नोटेतून. एका गिऱ्हाइकाने मला कोरी करकरीत नोट दिली. नंबराकडे लक्ष गेलं तर मध्ये एक तारा छापलेला. मी म्हटलं, ही खोटी आहे, दुसरी द्या. तो म्हणे, बँकेतून आणलीय. आवाज चढले. स्टँड गोळा झालं. निसारभाई पण ब्लेड हातात घेऊन आले. एवढ्यात कारभारी भाजीची पिशवी घेऊन चाललेले दिसले, त्यांना हाक मारली. त्यांनी नोट उजेडात धरली, उलटी केली, अंगठ्याने चोळली. नेहमीप्रमाणे तोंड उघडणार नाहीत असं वाटलं. पण हे पेपरात जाहीर झालेलं होतं, म्हणून बोलले.

छापताना एखादी नोट बिघडली तर ती बंडलातून काढतात आणि तिच्या जागी दुसरी घालतात. त्या बदली नोटेच्या नंबरात आता तारा टाकायला लागले आहेत. बाकी काही फरक नाही, बाजारात इतर नोटेसारखीच चालते.

निसारभाईंनी नोट त्यांच्या हातातून घेतली. विचारलं, "म्हणजे बदली असून खरी?"

"खरी," कारभारी म्हणाले. "बदली आहे हे लपवत नाही, एवढंच."

निसारभाई नोटेकडे बघत उभेच राहिले. इतका वेळ, की गिऱ्हाईक म्हणालं, काका, ती नोट या बाईंची आहे. मग ते टपरीत गेले, सायकल काढली आणि भर दुपारी घरी गेले. आले तेव्हा हातात एक लांब पुठ्ठ्याची नळी होती. तिच्यातून त्यांनी हातभर सोनेरी रेडियम काढलं. तेच, पंच्याण्णव सालचं, कडांना किंचित पिवळं पडलेलं.

मी डोळे मोठे केले. बारा वर्षं आम्हाला सांगत आले होते की माल संपला! कौसरभाभींनी मागाहून सांगितलं. तेवढा तुकडा त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. कधीतरी नाशिकला खरी मस्टँग येईल, बिघडून म्हणा, रस्ता चुकून म्हणा, आपल्या टपरीसमोर थांबेल आणि मालक म्हणेल, हिला काहीतरी स्पेशल करा. त्या दिवसासाठी. आता या माणसाला हसावं की काय करावं?

त्यांनी केरूला बोलावलं नाही, स्वतः स्टँडच्या शेवटाला गेले. रिक्षाच्या मागे उकिडवे बसले. पेन्सिल नाही, रेघ नाही. घोडा काढला, झापडं, घुंगरू, उचललेला पाय. पट्टे या वेळी अर्धेच झाले, तुकडा तेवढाच होता. मग घोड्याखाली सात कापला, आणि साताच्या शेजारी एक छोटा पाच टोकांचा तारा. तो चिकटवताना फुगा येऊ नये म्हणून अंगठ्याने किती वेळ दाबत होते.

उरलेल्या दहा जणांनी लगेच कुरकुर सुरू केली. तारावाली भारी दिसते, आम्हालाही तारा पाहिजे. निसारभाई उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ट्रकखाली जा, मग या." सगळं स्टँड हसलं. केरूपण हसला. संध्याकाळची गाडी आली. क्वार्टरमधल्या एक बाई थेट चालत आल्या, आत बसल्या आणि रागावून म्हणाल्या, कुठे होतात हो इतके दिवस, सात नंबर?

केरूने किक मारली आणि गेला. गोटीराम खुर्चीतून म्हणाले, डोळ्यांत कांदा गेला वाटतं त्याच्या.

गर्दी पांगल्यावर मी रिक्षा परतायची वाट बघितली आणि जवळ जाऊन बघितलं. घोड्याच्या खुराखाली केसाएवढ्या बारीक अक्षरांत कापलं होतं, 'चालक केरू'. त्याच्याखाली 'सीट वत्सलाबाई'. माझं नाव चाळीस वर्षांत आमच्या स्वतःच्या पाटीवर नाही. मी तिथेच पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला सांगू. नंतर निसारभाईंना विचारलं, तुमचं कुठे आहे? ते म्हणाले, रेडियम संपलं, वहिनी. या वेळी खरंच संपलं होतं, खाली फक्त कातरणं पडली होती.

या गोष्टीलाही आता दोन-तीन वर्षं झाली. मस्टँग अजून आलेली नाही. निसारभाई अजून कुणाचा तरी गणपती अर्ध्यात सोडून कॅन्ससच्या शहाण्णव गाड्यांची गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, त्याचं नाव काही कळलं नाही.

पण एक त्यांना ठाऊक नाही. केरूच्या नव्या रिक्षाचं सीट मी त्याच आठवड्यात शिवलं. मागचं सीट उचललं की खाली केरू फडकं आणि पाना ठेवतो. तिथे, सीटच्या उलट्या बाजूला, सोनेरी दोऱ्याने मी दुहेरी टाक्यात शिवून ठेवलंय, 'रेडियम निसार, नाशिक रोड'. केरूला माहीत आहे, तो कुणाला सांगायचा नाही. रेक्झिन बदलायची वेळ आली की मी तेवढी पट्टी उसवून नव्या सीटला लावते. पुढे कधी कुणाला प्रश्न पडलाच, की हा घोडा कापला कुणी, तर निसारभाईंसारखं पत्र पाठवत बसू नये. सीट उचलावं.